गोदाकाठ बांधण्याआधी तो वाचावा : पैठणच्या घाटांसंबंधी खुले पत्र

प्रति,
पैठणच्या गोदाकाठाच्या विकासाचे नियोजन करणारे सर्व लोकप्रतिनिधी, अधिकारी, अभियंते आणि वास्तुरचनाकार यांस

विषय : घाटांच्या कामाला हात घालण्यापूर्वी काठाची पुरातत्त्वीय पाहणी, नदीतील पाण्याची हमी आणि काठावर पोट असणाऱ्यांची जागा याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

नाशिक–त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ जवळ येऊ लागला की गोदावरीच्या काठावरील गावोगावी घाटांच्या सुशोभीकरणाचा विषय निघतो, आणि पैठणमध्येही तो निघतो. निधी येणार, पायऱ्या होणार, दिवे लागणार अशी चर्चा चहाच्या टपरीपासून संत एकनाथांच्या नाथमंदिराच्या ओट्यापर्यंत ऐकू येते. मी पाटबंधाऱ्यांच्या कामात उभी हयात घालवलेला, आता निवृत्त झालेला एक शाखा अभियंता आहे. माझे घर जुन्या गावात, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात आहे. घाटांचे काम व्हावे, चांगले व्हावे, अशीच माझी इच्छा आहे. नाथषष्ठीला लाखो वारकरी येतात, बायाबापड्यांना धड आंघोळीची आणि कपडे बदलायची सोय मिळत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तरीही हे पत्र लिहावेसे वाटले, कारण हा काठ म्हणजे नेमके काय आहे हे समजून न घेता त्यावर दगड बसवले गेले, तर जे जाईल ते कोणत्याही निधीतून परत आणता येणार नाही.

बंदर म्हटले की आपल्याला कोकण आठवते. मराठवाड्याला समुद्र नाही, आणि गोदावरीही पैठणपाशी मोठी जहाजे वाहून नेणारी नदी कधी नव्हती. पण बंदर म्हणजे केवळ जहाज लागते तो धक्का नव्हे. जहाजात भरायचा माल जिथे जमतो, निवडला जातो आणि गाड्यांवर चढतो, तिथपर्यंत बंदराचा पसारा असतो. या अर्थाने पैठण हे बंदराचे आतले टोक होते. हे मी गावाच्या अभिमानापोटी म्हणत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या वाटाड्यात ते नोंदलेले आहे. गुजरातमधल्या भडोचहून, म्हणजे त्याच्या शब्दांत बारीगाझाहून, दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेकडे आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे तो सांगतो. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड मोठ्या प्रमाणात जात, तेरहून साधे जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल जाई, आणि हा सगळा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून बैलगाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात उतरवला जाई.

वीस दिवसांची बैलगाडीची वाट म्हणजे काय, हे नकाशा समोर ठेवून पाहावे. पैठणहून कल्याण भडोचपेक्षा बरेच जवळ आहे. जुन्नर, नाणेघाट आणि खाली कल्याण ही वाट पैठणला राजधानी असलेल्या सातवाहन राजांच्या हातातली होती; नाणेघाटाच्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. असे असताना पैठणचा माल इतक्या दूरच्या भडोचला का जात होता? याचे उत्तरही त्याच ग्रीक लेखकाने दिले आहे. थोरल्या सारगन राजाच्या, म्हणजे अभ्यासकांच्या मते एका सातवाहन राजाच्या, काळात कल्याण हे व्यापाराला रीतसर खुले असलेले बंदर होते. पुढे ते दुसऱ्याच्या ताब्यात गेले, तिथल्या व्यापारावर बंधने आली, आणि चुकूनमाकून तिथे लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाऊ लागले. अभ्यासक याचा संबंध सातवाहन आणि पश्चिम भारतात राज्य करणारे शक राजे, म्हणजे पश्चिमी क्षत्रप, यांच्या झगड्याशी लावतात. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर कोणी एका बंदराची वाट अडवली आणि शेकडो मैल आत गोदाकाठच्या गाडीवानाची वाट बदलली. आपल्या काठाचा इतिहास हा असा, दुसरीकडे घेतल्या गेलेल्या निर्णयांचा इतिहास आहे. हा मुद्दा मी पुढे धरणाच्या संदर्भात पुन्हा मांडणार आहे, म्हणून तो लक्षात असू द्यावा, ही विनंती.

या व्यापारात माणसे कोण होती, तेही थोडे सांगतो. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यात खांबांवर दानलेख आहेत, आणि त्यांतील एका खांबाचा दाता पैठणचा मितदेव नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पैठणच्या एका दुकानदाराचे नाव आणि धंदा आपल्याला ठाऊक आहे, ही काही लहान गोष्ट नव्हे. तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला हस्तिदंताच्या कोरीव स्त्रीमूर्ती सापडल्या, आणि त्यांच्याशी जवळचे साम्य असणारी मूर्ती इटलीतील पॉम्पेई या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहराच्या उत्खननात १९३८ साली मिळाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडले गेले; म्हणजे त्याआधीच भारतातले हे काम भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचले होते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात जाऊन त्या काळच्या वस्तू ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना मी काय म्हणतो ते अधिक सांगावे लागणार नाही.

पैठणचा अकीक हा आमच्या मातीतलाच आहे. दख्खनच्या काळ्या खडकात लाव्हा थंड होताना वायूचे जे फुगे अडकले, त्यांच्या पोकळ्यांत गारेचे थरावर थर साचून हे दगड तयार झाले, आणि नद्यांनी ते खडकातून सोडवून वाळूगोट्यांत आणून टाकले. ‘पालथी नगरी’ म्हणून गावात ज्या टेकाडांची ओळख आहे, तिथे पावसाळ्याच्या पहिल्या दोन-तीन सरी पडून गेल्या की माती धुपून वर मणी दिसत, आणि आम्ही पोरे ते वेचायला जात असू. त्यांतला एक मणी मला चांगला आठवतो. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, मधाच्या रंगाचा, मधोमध एक पांढरी रेघ असलेला. तो उन्हाकडे धरून मी भोकातून पाहिले, तर भोक सरळ नव्हते. कारागिराने दोन्ही बाजूंनी छिद्र पाडत आणले होते आणि मध्यभागी दोन्ही छिद्रे केसभर चुकून एकमेकांना भेटली होती. त्या चुकलेल्या केसभर जागेत त्या माणसाचा हात मला दिसला. आमच्या गुरुजींनी तो मणी माझ्याकडून घेऊन संग्रहात दिला, आणि तसे करणेच योग्य होते. बाळासाहेब पाटील यांच्या आयुष्यभराच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आज पैठणमध्ये आहे. गावाने अशा वस्तू जपल्या त्या एका माणसाच्या ध्यासामुळे.

आता माझ्या काळजीचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी काठालगत एका कामासाठी जेसीबीने चर खोदला जात होता. तो कोणत्या खात्याचा आणि कोणत्या ठेकेदाराचा होता, हे सांगण्यात आता अर्थ नाही. हेतू कोणाचाच वाईट नव्हता. मी सवयीने चराच्या कडेला बसलो आणि भिंतीकडे पाहिले. वर हातभर अलीकडचा भराव, त्याखाली पुराने आणलेल्या गाळाचा पिवळट थर, त्याखाली राखेचा बोटभर काळा पट्टा, आणि त्याखाली एका ओळीत बसवलेल्या विटा. हातभर लांब आणि चांगल्या रुंद, आजच्या विटेच्या दुपटीहून मोठ्या. अशा विटा सातवाहन काळातल्या बांधकामांत सापडतात, एवढे मला माहीत होते. मी मुकादमाला थांबायला सांगितले. त्याने फोन लावला, पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही, आणि संध्याकाळपर्यंत त्या विटा खापरांसह ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून सखल जागेच्या भरावासाठी गेल्या. मी तिथे उभा होतो आणि माझ्या हातात काही नव्हते. चर कुणालाही खणावाच लागतो, पण खणताना तिथे एक जाणकार माणूस उभा नसावा, याचे दुःख मला आजही होते.

निजामाच्या राजवटीत हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने पैठणला उत्खनन केले होते. स्वातंत्र्यानंतरही ते झाले, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय आणि ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी मिळून केलेल्या कामात विटांच्या प्राचीन मंदिरांचे अवशेष समोर आले. इतके असूनही गावाचा फार मोठा भाग अजून मातीखालीच आहे, कारण आजचे पैठण प्राचीन प्रतिष्ठानच्या, म्हणजे त्या काळच्या पैठणच्या, अंगावरच वसलेले आहे. म्हणून माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती अशी, की घाटाच्या कामाचा आराखडा मंजूर होण्याआधी, निविदा निघण्याआधी, संपूर्ण काठाची पुरातत्त्वीय पाहणी करून घ्यावी, जिथे पाया खोदायचा आहे तिथे आधी चाचणी खड्डे घ्यावेत, आणि प्रत्यक्ष खोदकामाच्या प्रत्येक दिवशी पुरातत्त्व जाणणारी व्यक्ती चरावर हजर ठेवण्याची अट ठेक्यातच घालावी. अंदाजपत्रकात मुरूम, खडी, सिमेंट यांच्या ओळी असतात. तिथे ही एक ओळ वाढवणे अवघड नाही. कामाला उशीर होईल, ही तक्रार मी माझ्या नोकरीत हजार वेळा ऐकली आहे, आणि माझा अनुभव असा की उशीर मोजमापामुळे होत नाही. मोजमाप न केल्यामुळे मध्येच काम थांबते आणि उशीर होतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुळात हे धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ बांधायचे होते; जागा बदलून ते वर पैठणला आले, नाव मात्र तेच राहिले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे हे मातीचे धरण आणि त्याचे २७ दरवाजे घाटांच्या अगदी वरच्या अंगाला आहेत. या धरणाने मराठवाड्याला काय दिले, हे मी सांगायची गरज नाही. २०८ किलोमीटरचा डावा कालवा आणि १३२ किलोमीटरचा उजवा कालवा यांच्या पाण्यावर किती घरांची चूल पेटते, ते मी प्रत्येक आवर्तनात बांधावर उभे राहून पाहिले आहे. परंतु घाटाच्या दृष्टीने सांगायचे, तर धरण झाल्यापासून पैठणची गोदावरी ही सोडलेल्या पाण्याची नदी झाली. दरवाजे बंद असले की घाटापाशी डबके साचते, त्यात गावाची गटारे मिसळतात आणि उन्हाळ्यात पायरीवर उभे राहवत नाही. दरवाजे उघडले की तीच नदी गावात येते. ऑगस्ट २००६ मध्ये अडीच लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला तेव्हा जुन्या गावात पाणी शिरले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा विसर्ग वाढला आणि काठच्या वस्तीला घरे सोडावी लागली.

कल्याणचे बंदर अडले आणि पैठणची वाट बदलली, असे मी वर लिहिले, ते याच कारणाने. आजही आपल्या काठाची किल्ली काठावर नाही. वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून किती पाणी यायचे, हे समन्यायी वाटपाच्या वादात ठरते, आणि जायकवाडीतून खाली किती सोडायचे, हे पिण्याच्या, शेतीच्या आणि उद्योगाच्या हिशेबाने ठरते. त्या हिशेबात ‘पैठणच्या घाटापाशी वाहते पाणी’ अशी ओळ नाही. ती असल्याशिवाय घाट बांधणे म्हणजे पाण्याविना हौद बांधणे होय. अहमदाबादेत साबरमतीचा काठ २०१२ पासून लोकांसाठी खुला झाला आणि त्याचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते. पण तिथे दिसणारे पाणी वासणा बंधाऱ्याने अडवलेले आणि नर्मदेच्या कालव्यातून आणलेले आहे, हे सांगायचे बहुधा राहून जाते. आपल्याला दुसऱ्या नदीचे पाणी आणता येणार नाही आणि आणूही नये. खालच्या अंगाला आपेगाव आणि हिरडपुरी येथे बंधारे आहेत. त्यांच्यासाठी पाणी सोडले जाते तेव्हा ते एकदम न सोडता घाटापाशी काही काळ वाहते राहील अशा रीतीने सोडता येते का, आणि नाथषष्ठी, एकादशी, सर्वपित्री अमावास्या अशा दिवसांशी त्याचा मेळ घालता येतो का, याचा विचार पाटबंधारे विभागाने नगरपरिषदेसोबत बसून करावा. मी या कामाचा माणूस आहे आणि हे अशक्य नाही, असे जबाबदारीने सांगतो. गटारांचे पाणी मात्र एक थेंबही नदीत जाणार नाही, ही व्यवस्था पायऱ्यांच्या आधी व्हायला हवी.

बांधकामाविषयी अभियंता म्हणून थोडे तपशिलाने लिहितो. धरणात गाळ अडतो, त्यामुळे सांडव्यातून येणारे पाणी गाळ नसलेले आणि भुकेले असते. ते खालच्या पात्रातली वाळू उचलून नेते. त्यात वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाची भर पडली. ज्या वाळवंटात उन्हाने भाजत रडणारे मूल नाथांनी कडेवर उचलून घेतले, अशी कथा आम्ही आईच्या तोंडून ऐकली, ते वाळवंट आज बऱ्याच ठिकाणी उरलेले नाही. वाळू गेली की घाटाचा पाया उघडा पडतो आणि खालच्या पायऱ्या पोकळ होतात. म्हणून वरच्या सजावटीपेक्षा तळाच्या भिंतीकडे पैसा जावा. पायऱ्यांना गुळगुळीत ग्रॅनाइट लावू नये. त्यावर शेवाळ धरले की म्हातारी माणसे पडतात, आणि आमच्या भागातला टाकीने घडवलेला काळा दगड पायाला धरतो, शिवाय तो घडवणाऱ्या पाथरवटांना काम मिळते. पुराच्या पातळीखाली लोखंडी कठडे, दिव्यांचे नक्षीदार खांब, प्लास्टरच्या कमानी उभारू नयेत. वाहून आलेली झाडे त्यांत अडकतात, पाणी तुंबते आणि मग कठड्यासह पायरीही जाते. घाट हा पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेला असतो, हे जुन्या लोकांना कळत होते. म्हणूनच जुन्या घाटांवर पुराच्या वाटेत उगाच काही उभे केलेले दिसत नाही.

आता पुन:वापराविषयी. एखादा ऐतिहासिक काठ आजच्या कामी कसा आणावा, याचे धडे आपल्याला मुंबईतच मिळतात, आणि मुंबईच्या गोद्यांशी मराठवाड्याचे नाते जुनेच आहे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड ते सिकंदराबाद अशी गोदावरी खोऱ्याची रेल्वे धावू लागली आणि जालना, परभणी, नांदेडच्या कापसाला मुंबईची वाट मिळाली. पैठण–तेरच्या गाडीवाटेचे काम जणू रुळांवर आले. त्या मुंबईत १८८० साली बांधलेली प्रिन्सेस गोदी आणि तिच्या शेजारची व्हिक्टोरिया गोदी भराव घालून बुजवल्या गेल्या. आज त्या जागी उभे राहून तिथे कधी पाणी होते, हे कुणाला उमगणार नाही. त्याउलट १८७५ साली कापसाच्या व्यापारासाठी बांधलेला ससून डॉक पाहा. कापूस गेला, पण काठ रिकामा पडला नाही. तिथे मासळी उतरू लागली, पहाटे कोळणींचा लिलाव सुरू झाला, आणि २०१७ साली त्याच गोदीच्या जुन्या गोदामांत कलाप्रदर्शन भरले तेव्हा त्याच कोळी समाजाचे जगणे तिथल्या भिंतींवर आले. मला या दोन्ही उदाहरणांतला फरक महत्त्वाचा वाटतो. ससून डॉकवर दगड राहिला आणि काम करणारा माणूसही राहिला.

पैठणच्या काठावर काम करणारे कोण आहेत? नावाडी आणि मासेमारी करणारे भोई आहेत, तीर्थविधी करणारे उपाध्ये आहेत, केस उतरवणारे नाभिक आहेत, फुले-नारळ विकणाऱ्या बाया आहेत, आणि गावात अजून थोडे का होईना पैठणीचे माग आहेत. घाट ‘मोकळा आणि स्वच्छ’ करण्याच्या नावाखाली यांतल्या एकालाही उठवले जाऊ नये, ही माझी तिसरी विनंती आहे. साबरमतीच्या काठावरून हजारो कुटुंबांना उठावे लागले, हे आपण विसरू नये. तिथल्या रविवारच्या गुजरी बाजाराला मात्र काठावरच नवी जागा मिळाली, तेही लक्षात ठेवावे. भडोचच्या खाडीचे तोंड अरुंद आणि धोक्याचे होते, म्हणून राजाने तिथल्या मासेमारांना सेवेत ठेवले होते. ते मोठ्या नावा घेऊन पुढे जात आणि परक्या जहाजांना वाट दाखवत आत आणत, असे तोच ग्रीक व्यापारी लिहितो. पाण्याची माहिती असलेल्या माणसाला मान देऊन कामाला लावण्याची ही पद्धत दोन हजार वर्षांपूर्वी होती. आज आमच्या भोई बांधवांना जीवरक्षक म्हणून, नौकाविहाराचे चालक म्हणून आणि पुराच्या वेळी बचावाचे मानकरी म्हणून रीतसर मानधनावर नेमता येईल. २००६ मध्ये लोकांना छपरांवरून उतरवून आणले ते यांनीच, आणि त्याची नोंद मला कुठे दिसली नाही.

काठाचा इतिहास लोकांना दाखवायचा असेल, तर सातवाहन राजांचे भव्य पुतळे आणि सिमेंटच्या कमानी यांची मला गरज वाटत नाही. काठालगत जे जुने वाडे पडीक अवस्थेत उभे आहेत, त्यांतला एखादा मालकांच्या संमतीने घ्यावा, दुरुस्त करावा आणि त्यात तीन खोल्यांचे छोटे दालन करावे. एका खोलीत पैठणला मिळालेले मणी, खापरे, नाणी, वस्तुसंग्रहालयाच्या देखरेखीखाली. दुसऱ्या खोलीत जमिनीवरच कोरलेला मोठा नकाशा : मधोमध पैठण, एका वाटेला तेर, दुसऱ्या वाटेला भोकरदन, पितळखोरे, अजिंठ्याच्या डोंगरातून भडोच, तिसऱ्या वाटेला जुन्नर, नाणेघाट, कल्याण, सोपारा, मुलांनी त्यावरून चालत जावे आणि वीस दिवसांची वाट पावलांनी मोजावी. तिसऱ्या खोलीत चालता माग आणि त्यावर बसलेला विणकर, कारण तेरची मलमल ते पैठणची पैठणी ही कापडाची परंपरा तुटक असली तरी याच मुलखातली आहे. वरच्या मजल्यावर वारकऱ्यांसाठी चार स्वच्छ खोल्या. एवढे पुरेसे आहे. आणि ज्याला नाथसागराचे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचे, पक्षी पाहायचे आहेत, ज्ञानेश्वर उद्यान पाहायचे आहे, त्याने ते जरूर पाहावे. पण त्या वाटेवर त्याचा एक तास या दालनात जावा, अशी माझी इच्छा आहे.

नागघाटाविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे. ज्ञानेश्वर माउलींनी रेड्यामुखी वेद वदवले, ती जागा परंपरेने हीच मानली जाते, आणि नाथांनी १५९९ साली याच गोदावरीत देह ठेवला. श्रद्धेची जागा आणि पुरातत्त्वाची जागा इथे एकच आहे, त्यामुळे दोघांत भांडण लावण्याचे कारण नाही. मंदिरांचे विश्वस्त, फडकरी, वारकरी संघटना यांना आराखडा तयार झाल्यावर केवळ माहितीसाठी बोलावू नये. सुरुवातीलाच, कागद कोरा असताना बोलावावे. त्यांच्याजवळ या काठाच्या ज्या आठवणी आहेत, त्या कोणत्याही सर्वेक्षणात मिळणार नाहीत.

आपण पैठणला याल तेव्हा एक गोष्ट दाखवण्याची माझी तयारी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये पाणी ओसरल्यावर आमच्या बोळातल्या घरांच्या भिंतींवर चिखलाची रेघ राहिली होती. ती पुसली जाण्याआधी मी लेव्हल, म्हणजे उंची मोजण्याचे यंत्र, लावून तिची उंची घेतली आणि बोळाच्या वरच्या टोकापासून नदीपर्यंत अकरा ठिकाणी तेलरंगाने खूण करून ठेवली. त्यांतल्या सात खुणा अजून शाबूत आहेत. चार घरे पाडून नवी बांधली गेली. नव्या घाटाचा आराखडा घेऊन आपण त्या बोळातून माझ्यासोबत उतरावे. प्रत्येक खुणेपाशी थांबून आराखड्यातली कोणती पायरी, कोणता खांब, कोणती खोली त्या रेघेच्या खाली येते, ते आपण मिळून तपासू. सकाळी सातनंतर मी घरीच असतो.

आपला नम्र,
जुन्या पैठणमधील एक निवृत्त शाखा अभियंता